उलटी वीण

"ही वीण उलटी आहे," थोरली म्हणाली. टोपली तिनं उजेडाकडे धरून फिरवून पाहिली.

"जगाला उलटी. आमच्याकडे हीच सुलटी!" टोपलीवाली म्हातारी हसली. "आमची मूळ आजी डावखुरी होती. तिनं शिकवलं तसं विणतो बाई, डावीकडे."

थोरली म्हातारीच्या ओट्यावर बसली. पाय सुजले होते. साठी जवळ आली, तेव्हा कुठे ती आज पहिल्यांदा नदीचा पूल ओलांडून पलीकडे आली होती. शेजारीण आईपाशी संध्याकाळपर्यंतच बसणार होती.

थोरलीच्या घरातही बायका अश्शाच डावीकडे विणत. अडीचशे वर्षांपूर्वी गावातल्या कुणा एकीनं ही वीण आपल्या लेकीला शिकवली, आणि मग ती नदीत बुडाली. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्या तिला 'बुडालेली' म्हणत. तेव्हापासून लेकीमागून लेक, कुणी काठ सोडला नाही. लग्नं केली तीही याच काठावर. "पाणी आपल्या बायकांना ओळखतं गं," असं प्रत्येक आई सांगत आली.

थोरलीला पलीकडच्या शाळेत नोकरी लागली होती. पुढे पलीकडचंच एक चांगलं स्थळ आलं. दोन्ही वेळा आईनं रडून रडून हेच वाक्य ऐकवलं आणि दोन्ही वेळा थोरलीनं नकार कळवला. भाऊ मात्र खुशाल पलीकडे गेले. त्यांना पाणी ओळखत नव्हतं! वडील वारले, आई अंथरुणाला खिळली, आणि उष्टं-खरकटं, औषधपाणी सगळं हिच्या गळ्यात पडलं. त्यात हल्ली तिनं हे खूळ घेतलं होतं, बुडालेलीचा माग काढायचं. कचेरीत जुन्या दप्तरांची धूळ खाल्ली, तर हाती लागली नुसती पुरुषांची नावं. बायका म्हणजे अमक्याची बायको, तमक्याची आई. तिनं नाद सोडलाच होता. तेवढ्यात परवा बाजारात अश्शाच विणीची टोपली दिसली, आणि ती पलीकडच्या या म्हातारीची म्हणून कळलं.

"तुमची ती मूळ आजी कुठली?" तिनं विचारलं.

"पलीकडची, तुमच्याच काठाची. एका पहाटे नदी पोहून आली म्हणे, अंगावरच्या कपड्यांनिशी. का आलीस विचारलं, की एवढंच म्हणायची, 'दमले होते.' मागे लेक राहिली म्हणून रडायची. पण परत काही गेली नाही. चांगली नातवंडांची लग्नं बघून गेली हो!"

थोरलीनं टोपली विकत घेतली. परतीच्या वाटेवर पुलावर ती थांबली. खाली पाणी गुडघाभर, गढूळ होतं. तिला हसू आलं, मग रडूही आलं.

घरी पोहोचली तेव्हा शेजारीण दारातच चपला घालत होती. थोरलीनं हातपायही धुतले नाहीत. टोपली तिनं अंथरुणात टेकून बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवली.

"पलीकडून आणली. आई, ती बुडाली नव्हती. पोहून गेली होती. म्हातारी होऊन मेली, नातवंडांत." तिचा आवाज फाटला. "त्या एका वाक्यापायी माझा जन्म गेला गं!"

आईची वाळकी बोटं विणीवरून फिरत राहिली, डावीकडे.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"ठाऊक होतं? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. शेवटच्या घडीला. माझ्या आईनंही मला जातानाच सांगितलं." आईनं टोपली उराशी धरली. "तिनं आधी सांगितलं असतं, तर मी तरी इथं राहिले असते का?"