श्रेयाच्या फळ्या

हर्षाली माहेराहून निरगुडसरला परतली आणि चपला काढता काढता दारातच थांबली. समोरच्या भिंतीवरच्या फळ्यांवर पुस्तकं नव्हती. ढाली होत्या. बैलगाडा शर्यतीत पाखऱ्या बैलानं जिंकलेल्या झाडून साऱ्या ढाली, आणि मधोमध गुलालानं माखलेल्या पाखऱ्याचा फोटो.

त्या फळ्या तिनं मोबाईलवर बघून वारूळवाडीच्या सुताराकडून करून घेतल्या होत्या. अरुंद, पुढून पट्टी लावलेल्या, लेकीच्या हाताला येतील इतक्या खाली. पुस्तकांची चित्रं समोरून दिसायची. कपाटात होती तेव्हा त्याच पुस्तकांकडे श्रेया ढुंकूनही बघत नव्हती. फळ्या आल्यापासून मात्र दप्तर टाकून तिथंच फतकल मारायची आणि एकेक अक्षर लावत बसायची. आता तिथं आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता.

"लई फिट बसल्यात," नवरा सुदर्शन म्हणाला. सुतारानं ढालींचंच माप घेतलं असावं, असं त्याचं मत पडलं. येडगावचे गेणभाऊ आपला बैल पाखऱ्याच्या जोडीला द्यायचं बोलायला येणार होते, म्हणून सकाळपासून बापलेकांनी ही सजावट केली होती. पुस्तकं कुठं आहेत, असं तिनं विचारलं. गोठ्यात, टोमॅटोच्या कॅरेटमध्ये.

सासरे धर्माजी फोटोवरची धूळ उपरण्यानं पुसत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"पुस्तकं काय, कुठंबी राहत्यात. पावणं काय पुस्तकं बघाया येत्यात व्हय?"

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात बैलाच्या खुराकातलं अंडं कधी चुकलं नाही, आणि पोरीला हातभर भिंत दिली तर ती यांना जड झाली.

गोठ्यात श्रेया कॅरेटपाशी उकिडवी बसली होती. हत्तीच्या पुस्तकावर शेण उडालं होतं आणि ती ते फ्रॉकनं पुसत होती.

"आई, धुतलं तर हत्तीपण जाईल का गं?"

हर्षालीनं तिच्या हातातलं पुस्तक घेऊन बाजूला ठेवलं. तिनं पाखऱ्याच्या गव्हाणीतली वैरण उपसली, गव्हाण झाडून काढली, आत कोरडं पोतं अंथरलं आणि एकेक पुस्तक चित्र पुढं करून तिथं उभं केलं. सिमेंटची गव्हाण श्रेयाच्या कमरेएवढीच होती. मग तिनं पाखऱ्या सोडला. हा बैल परक्याला अंगाला हात लावू देत नाही, पण वैरण रोज तीच घालते, त्यामुळे मुकाट मागं आला.

घरात पाहुणे चहाला बसले होते. धर्माजी एका ढालीची हकिकत रंगवून सांगत होते, तेवढ्यात दारात अंधार झाला. पाखऱ्याचं डोकं चौकटीतून आत आलं. गेणभाऊंच्या बशीतला चहा सांडला.

"अगं, काय करतीस ह्ये?" सुदर्शन उठला.

तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "ढाली ह्याच्या हायेत, तवा ह्यालाबी घरातच बांधा. गोठ्यात आता जागा न्हाई. तिथं माझी पोरगी वाचतीया."

पाखऱ्यानं शिंगं चौकटीवर घासली तशी दाराची कडी खडखडली. धर्माजी पुढं झाले आणि कासऱ्यासाठी हात पुढं केला. हर्षालीनं कासरा आपल्या मनगटाला आणखी एक वेढा दिला.

"आधी फळ्या," ती म्हणाली.

धर्माजींनी गेणभाऊंकडे पाहिलं. गेणभाऊ बशीत बघत होते. मग धर्माजी वळले, वाकले आणि खालच्या फळीवरची ढाल त्यांनी उचलली. ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. भरल्या घरात ढाल छातीशी धरून ते तसेच उभे राहिले.