साहेबाच्या पेट्या

सक्तीच्या मजुरीवर जिनीव्हाच्या मजूर परिषदेत वाद चालला होता, म्हणून १९२९ साली तिकडचा एक तज्ज्ञ साहेब चौकशी करत थेट भाजे गावात येऊन उतरला. चावडीपुढं खुर्ची टाकून त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला वेठीला धरतात का?"

सगळ्यांनी हात पाठीमागं लपवले. आदल्या साली आलेल्या साहेबानं 'ओझं वाहणारे कोण?' असं विचारलं होतं, आणि हात वर करणाऱ्यांना त्याचा तंबू डोक्यावर घेऊन लोहगड चढावा लागला होता.

"हौशीराम, तोंड उघडू नगस," रखमाजी शेजाऱ्याच्या कानात म्हणाला. "ह्यो मानसं हेरतोय." मग उभा राहून मोठ्यानं बोलला, "न्हाई सायेब. आमच्या गावात असलं कायबी न्हाई."

साहेबानं समाधानानं टिपून घेतलं आणि निघायची तयारी केली. पाटलानं नुसत्या नजरेनं त्या दोघांना पेट्या उचलायला लावल्या.



मळवली स्टेशनाच्या वाटेवर, पेटीखालून रखमाजी म्हणाला, "बघ, न्हाई म्हणलो तरी धरलंच. व्हय म्हणलो असतो, तर ही पेटी पार विलायतेपतूर न्यायला लावली असती."