गंज गेलेली तुळई

साहेबाच्या राज्यात टाकलेली छोटी लाइन बंद पडली, तेव्हा तिचे रूळ भंगारात निघाले. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांना त्याच रुळांच्या तुळया आहेत. भिंती ओलांडत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत जातात.

बाबा त्या लाइनवर गँगमन होते. "जन्मभर रूळ ठोकले, आता त्यांच्याखालीच घोरतात," असं आई चिडवायची.

काल दुपारी जेवताना बाबांचा घास हातातच राहिला. तुळईचा इतक्या वर्षांचा गंज नाहीसा झाला होता. रूळ उलटा बसवलेला, त्यामुळे खाली आलेला त्याचा माथा लखलखत होता.

"कुणी घासली?" मी विचारलं.

"घासून असं तेज येत नाही. त्यावरून चाकं गेली तरच येतं," बाबा म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "अहो, आमचीही तुळई चकाकतेय, जरा बघता का?"

बाबा स्टुलावर चढले. कामावर असताना लावायचे तसा त्यांनी रुळाला कान लावला.

काकूंच्या उलट बाजूच्या भिंतीतून खडखड ऐकू येऊ लागली. मी माझ्या बाळाला पाळण्यातून उचललं आणि काकूंच्या खोलीकडे धावले.

"राहू दे गं," बाबा वरूनच म्हणाले. "गाडी दोन्हीकडून येतेय."