मास्तरचं पात्र

"अबे मास्तर, निवड ना एखांदं! पोरगी पाह्यला आला काय?" शिवमनं टेबलावर थाप मारली. फासे उडाले.

चंद्रशेखर समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसला होता. चिखलीत पूनमच्या गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षं दर रविवारी हा खेळ चालायचा, आणि सहा वर्षं तो चालवायचा चंद्रशेखरच. म्हणून तो मास्तर. राक्षस त्याचे, दरोडेखोर त्याचे, कोण कुठल्या दरीत दबा धरून बसलाय ते फक्त त्याला ठाऊक. बाकीच्यांनी आपापलं पात्र घ्यायचं, पाळी आली की काय करणार ते सांगायचं, फासे टाकायचे आणि जमलं तर जगायचं. आज पूनम म्हणाली, मी चालवते, तू एकदा आमच्यासारखा खेळून बघ. झालं! दोन मिनिटांत पन्नास राक्षस उभे करणाऱ्या या गड्याला दीड तासात एक माणूस निवडता येईना.

"योद्धा घे," पूनम म्हणाली.

"नाही."

"मग वैद्य?"

"थांब वं जराशी."

त्याचा जीव कागदात नव्हताच. मांडीवरच्या मोबाइलवर चुलतभावाचा, गोविंदाचा मेसेज होता. 'बाबा चार जण घेऊन पुलाजवळच्या तुरीत बसले. लाल हेल्मेटची वाट पाहून राह्यले. तू त्याच्यासंग येऊ नको.'

लाल हेल्मेट शिवमचं. त्या दोघांच्या गावात, पुलापलीकडं, तसं दुसरं नव्हतंच. आठ दिवसांपूर्वी शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात शिवमच्या बापानं चंद्रशेखरच्या बापाचं डोकं फावड्यानं फोडलं होतं. चौदा टाके पडले. शिवमचा बाप कोठडीत गेला. दोघा पोरांनी मात्र रविवार मोडला नव्हता. तो हाती लागत नाही म्हटल्यावर जानरावकाकांनी, गोविंदाच्या बापानं, पोरावर डूख धरला. "त्याच्या पोराले चालता नाही ठेवत," असं ते ओसरीवर सगळ्यांदेखत बोलले. कोणी 'असं नका करू' म्हटलं नाही.

शिवमला सांगावं, तर तो गावात फोन लावणार, त्याच्याकडचे वीस जण कुऱ्हाडी घेऊन निघणार आणि पुलावर मुडदे पडणार. पोलिसांना सांगावं, तर सख्खा काका आत. आज शिवमला इथंच अडकवून ठेवलं तरी काका उद्या बसतील, परवा बसतील. काकांना त्यानं दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा त्यांनी कट केला.

"पाच वाजले. निंगतो मी," शिवम उठला. "आई एकटी हाये घरी."

चंद्रशेखरनं मोबाइल खिशात घातला. सहा वर्षं तो या पोरांना मरणाच्या तोंडी ढकलत आला होता, आणि स्वतः आपले डाव लपवायच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं मजेत बसला होता. मास्तरला कोणी मारत नसतं.

त्यानं हात पुढे केला. "गाडीची चावी दे. हेल्मेट अन् जाकीटबी दे. थंडी हाये."

"काऊन बे?"

"पात्र ठरलं माहं. कचोऱ्या घेऊन येतो, मंग सांगतो."

"लवकर येजो, अन् पेट्रोल टाकजो!" शिवमनं चावी फेकली.

पुलाजवळ थांबायचं, हेल्मेट काढायचं, आणि काकांना तोंडावर विचारायचं, मारा आता कोणाला मारता ते. एवढंच त्यानं ठरवलं होतं. खेळात प्रत्येकाला बोलायची पाळी मिळते ना! इथं कसली पाळी आणि कसलं काय. गाडी हळू झाली तशी तुरीतून पहिली काठी थेट खांद्यावर बसली. गाडी आडवी झाली, पाय खाली सापडला. तो ओरडला, "काका, मी!" हेल्मेटातला आवाज हेल्मेटातच राहिला. काठ्या पाठीवर, बरगड्यांवर, हातांवर पडत राहिल्या. मग कोणीतरी त्याला गाडीखालून ओढून काढलं. जानरावांनी त्याच्या छातीवर पाय दिला आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं गुडघ्यावर घाव घातला. तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुसरा घाव. तिसरा. डांबरावर रक्त पसरलं.

"तोंड पाहू दे हरामखोराचं," म्हणत त्यांनी हेल्मेट उपटलं.

कुऱ्हाड हातातून पडली. जानराव रस्त्यावर मटकन बसले आणि गुरासारखे ओरडले. बाकीचे चौघे तुरीतून पळाले.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा पाय आता पूर्वीसारखा वाकणार नाही. हवालदार कागद घेऊन खाटेपाशी आला. दारात शिवम उभा होता, हेल्मेटाविना, काही न समजून.

"कसं झालं?" हवालदारानं विचारलं.

"गाडी घसरली," चंद्रशेखर म्हणाला.

"खोटं बोलून राह्यला तो." भिंतीला टेकलेले जानराव पुढे आले. त्यांच्या सदऱ्यावरचं रक्त वाळलं होतं. त्यांनी शिवमकडे बोट केलं. "मी मारलं, साहेब. हे पोरगं समजून मारलं. लिहा."

हवालदारानं पेन थांबवलं. तो जरा खाली वाकून हळूच म्हणाला, "काका, समजून बोला. पोरगा पडलो म्हणतो. तुम्ही सुटता."

"सुटलो तं मी पुन्हा तुरीत जाऊन बसीन," जानराव म्हणाले. "मले माहाच भरवसा नाही, साहेब. आत टाका मले."