घरच्यांचा शेवटचा शब्द

कॅप्टन माइकपाशी गेला, तेव्हा धाकट्याने खिशातला कागद पुन्हा चाचपला. आज या माणसाची भर सभेत सालटी काढायची होती. सव्वीस वर्षं त्याने दातओठ खात काढली होती.

क्लबची खोली खच्चून भरली होती. सगळे भिंगरीच्या शोकसभेला आले होते. भिंगरी म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. फुटबॉलच्या मैदानात क्षणभर एका जागी ठरायचा नाही, म्हणून ते नाव. पुढे गुडघा गेला, नाव तेवढं राहिलं. तरी दर रविवारी हा गडी लंगडत लंगडत चुन्याने मैदान आखायचा, वर पोरांना फुकट शिकवायचा. त्याच्याबद्दल वाकडा शब्द शोधूनही सापडला नसता.

गुडघा कसा गेला, ते दोघा भावांना ठाऊक होतं. मोठ्या संघाची माणसं एकाच खेळाडूला न्यायला येणार होती. आदल्या दिवशी सरावात कॅप्टनने भिंगरीच्या गुडघ्यावर मुद्दाम बूट घातला. लोकांना वाटलं, अपघात. दुसऱ्या दिवशी निवड झाली ती कॅप्टनची. आता तो क्लबचा अध्यक्ष होता, आणि धाकटा गॅरेजमध्ये वेल्डिंग करत होता. ‘मी आहे तोवर तोंड उघडायचं नाही,’ अशी भिंगरीने शपथ घातली होती. आता भिंगरीच नव्हता.

क्लबची रीतही धाकट्याच्या सोयीची होती. शोकसभेत शेवटचं बोलायचं ते घरच्यांनी. मग जुने रेफरी लांब शिट्टी वाजवणार, आणि त्यानंतर खोलीत कुणी ब्र काढायचा नाही. कॅप्टनला सारवासारव करायलाही जागा उरणार नव्हती.

कॅप्टनने घसा खाकरला. "भिंगरीचा गुडघा मी फोडला," तो म्हणाला. "जाणूनबुजून फोडला."

आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. धाकट्याला वाटलं, आता लोक याला फाडून खाणार. झालं भलतंच. म्हाताऱ्या गोलकीपरने उठून कॅप्टनला मिठी मारली. "बोललास ते बरं केलंस बाबा," तो म्हणाला. बायका डोळे पुसू लागल्या. धाकट्याच्या तोंडचा घास गेला. कागदावरचं सगळं कॅप्टन स्वतःच बोलून बसला होता, वर लोकांची माया लुटून मोकळा झाला होता. धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याची पाळी आली. तो माइकपाशी पोचला तसं कॅप्टनने त्याचे दोन्ही हात धरले.

"शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का रे? माफ केलं होतं ना त्याने? एवढंच सांग."

बोलला होता. दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, धाकट्याचं मनगट धरून. ‘कॅप्टनला सांग, माझ्या मनात काही नाही. कधीच नव्हतं.’ धाकट्याने तेव्हा नुसती मान हलवली होती.

त्याने माइक तोंडाजवळ घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कॅप्टनला अरेतुरे केलं.

"नाही. मरेपर्यंत नाही. तुझं नाव निघालं की थुंकायचा तो."

कॅप्टन पांढराफटक पडला. मटकन खुर्चीत बसला. धाकट्याचं काळीज थंड झालं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं त्याला. रेफरींनी शिट्टी वाजवली. लोक मुकाट्याने उठले.

दाराबाहेर चपला शोधता शोधता जिभा सुटल्या. धाकटा मागेच उभा होता. म्हातारा गोलकीपर शेजारच्याला म्हणत होता, "आपण भिंगरीला देवमाणूस समजत होतो. पोटात एवढं विष असेल त्याच्या, असं कधी वाटलं नाही हो."