रंगीत तालीम

कॉफीच्या भांड्यात चमचा खणकला, तेव्हा कुठे बैठकीतली शांतता मोडली. इथे नोंदणी पद्धतीने लग्न होत नाही, म्हणून मी आणि हैदरने सायप्रसला जाऊन लग्न केलं; त्यानंतर इतक्या वर्षांनी बैरुतच्या या घरात माझी ख्रिस्ती आई आणि हैदरची शिया आई आज पहिल्यांदाच समोरासमोर बसल्या होत्या. उद्या स्टेजवर करायचे विनोद मी त्यांनाच ऐकवायला घेतले. म्हटलं, एकदा एकत्र हसल्या की सुटले मी.

"ख्रिस्ती बायका नवऱ्यावर अरबीत ओरडतात आणि कुत्र्याशी फ्रेंचमध्ये बोलतात."

हसून हसून सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला मात्र कॉफी कडू लागली.

"शिया लोक आफ्रिकेत राबून गावी राजवाड्याएवढं घर बांधतात आणि सगळे जण व्हरांड्यात झोपतात."

आई उशीत तोंड खुपसून हसली. सासूबाई शाल सारखी करत राहिल्या.

मग मी स्वयंपाकघरात गेले, तशी आई मागोमाग येऊन कुजबुजली, "झकास गं! आमच्यावरचं तेवढं काढ."

ती गेली आणि सासूबाई आल्या. "पोरी, लई हसवलंस. फक्त आमच्यावरचं तेवढं गाळ हं."

ओट्याखाली खेळणाऱ्या माझ्या लेकीने, नायाने सगळं ऐकलं होतं.



"मम्मा, मी कुणाबरोबर हसायचं?"