टिपक्याएवढी विमानं

नवऱ्याला माणसांचे फोटो काढायचा भारी कंटाळा. त्याला वेड फक्त विमानांचं. दर वर्षी एअर शोला एकटाच जायचा आणि हात हलवत परत यायचा. "विमानं टिपक्याएवढी येतात गं, काय दाखवू तुला?" म्हणून यंदा ती त्याच्या नकळत मोठी झूम लेन्स घ्यायला गेली. नीट बसते का बघायला त्याचा कॅमेराही सोबत नेला.

दुकानदाराने कॅमेरा लगेच ओळखला. "वहिनी, साहेबांना ही झूम मीच दाखवली होती की. म्हणाले, लांबचं काही टिपायचंच नाही, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा सुंदर यायला हवा." त्याने कॅमेऱ्यावरची लेन्स हळुवार पुसली. "मग, कसे आले तुमचे फोटो?"